पायांकडे पाहायला शिकवणारी माणसं

ज्या दोन माणसांमुळे मी आज दुखल्याखुपल्याशिवाय चालते, त्यांची नावं इथे देत नाही. दोघांनीही आपल्या कामाचा कधी गाजावाजा केला नाही. मी केला तर तो त्यांना रुचणार नाही. एक होत्या लखनौमधल्या फिजिओथेरपिस्ट. त्यांना आम्ही सगळे दीदी म्हणायचो. दुसरे हजरतगंजातल्या एका गल्लीच्या तोंडाशी बसणारे मोची. त्यांना सारा गंज चचा म्हणायचा. पाय चालतो कसा हे मला दीदींनी समजावलं आणि पायात काय घालावं हे चचांनी. त्यांनी सांगितलेलं पुढे माझ्या मुलाच्या आणि सासऱ्यांच्याही कामी आलं. हे ऋण फिटणारं नाही. निदान त्याची नोंद राहावी आणि मला जे मिळालं ते वाचणाऱ्याच्याही हाती पडावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

आम्ही मूळ वर्ध्याचे. यजमानांना लखनौत सिकंदरबागेजवळच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत नोकरी लागली आणि आम्ही नरहीत बिऱ्हाड केलं. नरहीतून हजरतगंज पायी पाच-दहा मिनिटांवर. २०१० मध्ये गंजाचं रूप नव्याने सजवलं गेलं, एकसारख्या पाट्या आल्या, जुन्या धर्तीचे दिव्याचे खांब आणि बाकं आली. त्याच सुमारास मला तिथल्या एका चिकनकारीच्या दुकानात काम मिळालं. दुकानात पांढऱ्या चादरी अंथरलेल्या असायच्या, त्यामुळे चपला दाराशी काढायच्या आणि दिवसभर अनवाणी उभं राहायचं. काउंटरमागची जमीन संगमरवराची होती. संध्याकाळी दुकान सुटलं की मी पातळ तळव्याच्या सपाट चपला घालून घरी जायची. पायांकडे लक्ष द्यायचं असतं हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. पाय होते आणि ते चालत होते, एवढंच मला ठाऊक होतं.

पहिल्याच हिवाळ्यात उजवी टाच दुखायला लागली. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. चार पावलं चाललं की बरं वाटायचं आणि दुपारी उभं राहून राहून पुन्हा ठणका सुरू व्हायचा. आईने फोनवर सांगितलं म्हणून तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकलं. शेजारणीने मोहरीचं तेल चोळलं. एक्स-रे काढला तर त्यात टाचेचं हाड थोडं पुढे आलेलं दिसलं. ‘काटा वाढलाय’ असं सगळेच म्हणू लागले. कोणी इंजेक्शन सुचवलं, कोणी ऑपरेशनची धास्ती घातली. मी बाजाराला जाणं कमी केलं, मुलाला शाळेत सोडायचं काम यजमानांवर टाकलं आणि हे आता जन्माचं दुखणं असं धरून चालले.

दुकानात भरतकाम तपासणाऱ्या एक वयस्क आपा होत्या. माझं लंगडणं त्यांनी पाहिलं आणि एका सुटीच्या दिवशी मला दीदींकडे घेऊन गेल्या. दीदींनी आधी मला अनवाणी चालायला लावलं आणि मागून, बाजूने पाहिलं. मग स्वतः बुटक्या स्टुलावर बसून माझं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं. मी संकोचाने पाय मागे ओढला. वयाने मोठ्या बाईच्या अंगाला आपला पाय लागू नये, हेच आपण लहानपणापासून शिकलेलो. त्या म्हणाल्या, “पैर ही तो है, इसमें शरम कैसी?” आणि टाचेच्या आतल्या बाजूला अंगठ्याने नेमकं तिथे दाबलं जिथे दुखत होतं. तोवर माझ्या पायांकडे इतकं लक्ष देऊन कोणीच पाहिलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही.

त्यांनी मग सावकाश समजावलं. प्रत्येक पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो आणि धनुष्याच्या दोरीसारखा पावलाची कमान ताणून धरतो. कठीण जमिनीवर तासन्‌तास उभं राहिलं, वजन वाढलं, पोटरीचे स्नायू आखडले किंवा तळवा पातळ असलेली पादत्राणं वापरली की टाचेपाशी या पट्ट्यावर ताण येतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून पहिलं पाऊल सगळ्यात जास्त दुखतं. एक्स-रेमधल्या काट्याला त्यांनी महत्त्व दिलं नाही. टाच कधीही न दुखलेल्या कितीतरी माणसांच्या एक्स-रेमध्ये असाच काटा दिसतो, तो दुखण्याचं मूळ नसतो, असं त्या म्हणाल्या. माझ्या मनावरचं मोठं ओझं त्या वाक्याने उतरलं.

उपाय साधे होते. अंथरुणातून उठण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, बोटं हाताने नडगीकडे ओढून दहा आकडे मोजेपर्यंत धरायची, असं दहा वेळा. भिंतीला हात टेकून एक पाय मागे ठेवायचा, टाच जमिनीला चिकटलेली ठेवून पोटरी अर्धा मिनिट ताणायची. संध्याकाळी पाण्याने भरून गोठवलेली बाटली तळव्याखाली फिरवायची. घरातही फरशीवर अनवाणी चालायचं नाही, मऊ तळव्याची वेगळी चप्पल ठेवायची. इंजेक्शनाबद्दल त्या म्हणाल्या की त्याने काही आठवडे बरं वाटू शकतं, पण वरचेवर घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते, क्वचित तो पट्टाच फाटतो. म्हणून तो पहिला उपाय नव्हे. बरं व्हायला महिने लागतील, कधी वर्षही, पण बहुतेक लोक याच वाटेने बरे होतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. खोटा दिलासा त्यांनी कधीच दिला नाही.

दुकानात काय करायचं हा प्रश्न उरला. मालकांशी बोलायची माझी हिंमत नव्हती. दीदींनी मला विचारलं, तुम्ही मराठी ना? आणि मग भातखंडे संगीत विद्यालयाची गोष्ट काढली. कैसरबागेतली ही संस्था पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज म्हणून सुरू झाली. दीदी लहानपणी कथक शिकल्या होत्या आणि पुढे त्यांच्याकडे नर्तक-नर्तिका पाय दाखवायला येत. मोहनराव कल्याणपूरकरांनी लखनौच्या या विद्यालयात कथक शिकवलं आणि पुण्याच्या रोहिणी भाटे यांना त्यांची तालीम लाभली, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. ततकाराचा, म्हणजे पदन्यासाचा, सराव करणारी मुलगी कोणत्या जमिनीवर नाचायचं ते पाहते, घुंगरांचं वजन हळूहळू वाढवते, सरावानंतर पोटऱ्या ताणते, कारण तिचं जगणं पायांवर आहे. “आपकी रोज़ी भी तो पैरों पर है,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी मालकांशी बोलले. त्यांनी काउंटरमागे जाड रबरी चटई टाकली आणि आत घालायला स्वच्छ, मऊ चपलांची परवानगी दिली. त्याचा फायदा मला एकटीलाच नाही, उभं राहणाऱ्या सगळ्यांनाच झाला.

दीदींनीच मला चचांकडे पाठवलं. चचांचं दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, एक लोखंडी तीनपायी आणि वर ताडपत्री. त्यांनी माझ्या जुन्या चपला उलट्या करून पाहिल्या. टाचेची बाहेरची कड कुठे झिजली, चवड्याखाली कुठे खळगा पडला, हे बोट फिरवून दाखवलं आणि मी कशी चालते ते त्यावरून सांगितलं. दीदींनी मला चालवून जे ओळखलं होतं, तेच चचांनी न चालवता ओळखलं. “बिटिया, जूता झूठ नहीं बोलता,” असं म्हणून त्यांनी टाचेखाली मऊ रबराची गादी बसवून दिली. पैसे घेतले ते फक्त रबराचे.

नंतर कितीतरी संध्याकाळी मी त्यांच्यापाशी उभी राहून शिकत गेले. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठा असेल त्याच्या मापाने घ्यावेत, कारण बहुतेकांचे दोन्ही पाय सारखे नसतात. कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा काढावी आणि बूट त्यावर ठेवावा. बूट त्या रेषेच्या आत जात असेल तर तो आपला नव्हे. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. बूट हातात घेऊन दुमडावा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. टाचेमागचा भाग दाबल्यावर सहज चेपायला नको. ‘घालून घालून सैल होईल’ या दुकानदाराच्या बोलण्यावर घट्ट बूट कधी घेऊ नये. गंजातल्या लव्ह लेनमध्ये टोकदार, उंच टाचेच्या सँडल घेणाऱ्या मुलींना ते रोज पाहायचे. त्यांना रागवायचे नाहीत. लग्नात दोन तास घाला, रोज कामावर नको, एवढंच सांगायचे. टोकदार बुटांनी अंगठा बाकीच्या बोटांकडे ढकलला जातो, त्याच्या मुळाशी गाठ येते आणि बोटांवर कुरुपं पडतात, हे त्यांनी गिऱ्हाइकांच्या पायांवर आयुष्यभर पाहिलं होतं.

लखनौची थंडी कोरडी. दर हिवाळ्यात माझ्या टाचांना भेगा पडायच्या आणि मी त्या सोसायची. दीदींनी त्यालाही शिस्त लावली. दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग वज्रीने हलक्या हाताने घासणं, टिपून घेणं आणि थोडा ओलसरपणा असतानाच व्हॅसलिन किंवा युरियाचं मलम लावून सुती मोजे. बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल-मलम नाही, तिथे कोरडंच हवं. पावसाळ्यात त्याच जागी चिखल्या होतात. त्यावर बुरशीचं मलम लावायचं आणि खाज थांबली म्हणून लगेच बंद न करता पुढेही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावायचं. नखं सरळ रेषेत कापायची. कोपरे खोल कोरले की नख मांसात घुसून नखुरडं होतं. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, आणि मधुमेह असेल तर कुरुपावरची औषधी पट्टीसुद्धा लावायची नाही, कारण त्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. यातलं काहीच कठीण नव्हतं. मला ते कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

माझी टाच बरी होत आली तेव्हा मुलाचा घोटा मुरगळला. तो के. डी. सिंग बाबू स्टेडियमवर हॉकी खेळायला जायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार कुंवर दिग्विजय सिंग ‘बाबू’ यांच्या नावाचं हे मैदान आमच्या घरापासून जवळच. संध्याकाळी दोन मित्रांनी त्याला धरून आणलं. बाहेरचा घोटा टम्म सुजला होता. नस चढली आहे, पहलवानाकडे नेऊन मालिश करून बसवून घ्या, असं चाळीतल्या सगळ्यांनी सांगितलं. दीदींची ओळख नसती तर मी त्याला तिकडेच नेलं असतं.

दीदी घरी आल्या. त्यांनी सूज असलेल्या जागी हात लावला नाही. आधी दोन्ही घोट्यांच्या हाडांची मागची कड आणि टोक दाबून पाहिलं, मग पावलाच्या बाहेरच्या कडेचं करंगळीकडचं हाड आणि आतल्या कमानीवरचं हाड. शेवटी त्याला चार पावलं टाकता येतात का ते पाहिलं. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये ही पद्धत मांडली, असं त्यांनी नंतर सांगितलं. या ठरावीक जागी हाडावर दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील तर हाड मोडल्याची शंका धरून एक्स-रे काढायचा. माझ्या मुलाला लंगडत का होईना चार पावलं टाकता आली आणि हाडं दुखत नव्हती. घोट्याच्या बाहेरून हाडाला हाड बांधणारा अस्थिबंध ताणला गेला होता. ताज्या दुखापतीवर जोराने मालिश केली तर आतला रक्तस्राव आणि सूज वाढते, म्हणून पहिले काही दिवस चोळणं बिलकूल नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ, लवचीक पट्टी, पाय उशीवर उंच. सोसवेल तसं दोन-तीन दिवसांत घोटा हलवायला सुरुवात, पलंगावर बसून पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढायची. महिनाभर पाय बांधून पडून राहणं हा उपचार नव्हे, हे मला तेव्हाच कळलं.

सूज उतरली आणि मुलगा पुन्हा मैदानावर जायला निघाला. दीदींनी त्याला थांबवलं. अस्थिबंधाबरोबर तिथल्या बारीक मज्जातंतूंनाही धक्का बसतो, पाऊल जमिनीवर कसं पडतं आहे याची खबर मेंदूला उशिरा मिळते आणि घोटा पुन्हा त्याच बाजूला वळतो. म्हणून दुखणं थांबल्यावरच खरी मेहनत सुरू होते. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, ते जमलं की डोळे मिटून, मग उशीवर उभं राहून, मग चवड्यांवर वर-खाली. तो हे रोज करत राहिला आणि नंतर बरीच वर्षं खेळला. आज तो बंगळुरूला नोकरी करतो आणि त्याच्या संघात कोणाचा पाय मुरगळला की हीच उजळणी घेतो. दीदींचं शिकवणं असं पुढे जातं.

दीदींचं सगळ्यात मोठं ऋण मात्र सासऱ्यांच्या बाबतीतलं आहे. बाबा वर्ध्याला राहायचे. त्यांना बरीच वर्षं मधुमेह होता. गोळ्या वेळेवर घ्यायचे आणि तब्येत चांगली आहे असं मानायचे. एका उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले. लखनौला ज्येष्ठातल्या मंगळवारांना बडा मंगल म्हणतात. शहरभर भंडारे लागतात, पुरी-भाजी आणि सरबत वाटतात, हनुमानाच्या देवळांपुढे रांगा लागतात. बाबा हजरतगंजातल्या दक्षिणमुखी हनुमान मंदिरात अनवाणी गेले आणि दुपारच्या तापलेल्या रस्त्याने तसेच परत आले. पाय भाजल्याचं त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांना ते जाणवलंच नव्हतं. रात्री ते आरामखुर्चीत पाय वर करून बसले होते. दीदींमुळे माझी नजर आता आपोआप पायांकडे जायची. डाव्या चवड्याखाली रुपयाएवढा फोड होता आणि त्याची कातडी सुटलेली होती. मी बोट लावलं. ते वर्तमानपत्र वाचत राहिले.

दुसऱ्या दिवशी दीदींनी नायलॉनच्या जाड केसासारखा एक धागा आणला. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. बाबांना डोळे मिटायला सांगून त्यांनी तो तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. बाबांना बहुतेक ठिकाणी काही कळलं नाही. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायांच्या मज्जातंतूंची संवेदना अशी हळूहळू जाते. त्यांनी पावलावरची नाडीही तपासली आणि त्याच संध्याकाळी आम्हाला डॉक्टरांकडे पाठवलं. मधुमेहींचे पाय कापावे लागतात त्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशाच एखाद्या दुर्लक्षित जखमेने होते, हे सांगताना त्यांचा आवाज कडक झाला होता.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “दत्तपूरला मी हे रोज पाहत होतो.” मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवेचं काम सुरू केलं. तरुणपणी बाबा तिथे काही काळ मदतीला जात. बधिर पायांच्या जखमा त्यांनी स्वतः धुतल्या होत्या, पण आपलाही पाय तसा बधिर झाला असेल हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. दीदींनी त्यांना डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल सांगितलं. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेले हे शल्यविशारद १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करत होते. कुष्ठरोग्यांची बोटं रोगामुळे सडून झडत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे झालेल्या जखमांनी, भाजण्याने आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबाने ती जातात, हे त्यांनी कामातून दाखवून दिलं. वेदना ही शरीराची राखण आहे, आणि ती जिथे नाही तिथे डोळ्यांनी राखण करायची, हे त्यांच्या कामाचं सार बाबांनी मनाला लावून घेतलं. तोवर मी माझ्या टाचेच्या दुखण्याला शत्रू समजत होते. त्या दिवसापासून दुखण्याकडे पाहण्याची माझीही दृष्टी बदलली.

जखम भरेपर्यंत बाबांनी त्या पायावर भार टाकला नाही. साखर आटोक्यात आणली, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पट्टी बदलली. मग मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला हव्या होत्या. कुष्ठरोग्यांसाठी वापरात आलेलं हेच रबर मधुमेहींनाही सोईचं पडतं. दीदींनी किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या कृत्रिम अवयव केंद्रातून माप आणि नमुना आणला. चचांनी तो पाहून दुसरा जोड घरी घालण्यासाठी तसाच तयार केला, आत एकही खिळा किंवा उभी शिवण राहू दिली नाही आणि स्वतःचा हात आत फिरवून खात्री केली. बाबांनी त्यांना हात जोडले तेव्हा चचांनी त्यांचे हात धरून खाली घेतले.

पुढे बाबा वर्ध्याला परतले तेव्हा नागपुरातच या विषयावर किती मोठं काम चाललेलं आहे हे मला कळलं. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी नेदरलँड्सचे डॉ. कारेल बाकर यांच्यासह ‘स्टेप बाय स्टेप’ या कार्यक्रमातून डॉक्टर आणि परिचारिका यांना जोडीने मधुमेही पायाची काळजी घ्यायला शिकवलं. मुंबईचे डॉ. अरुण बाळ यांनी याच प्रश्नासाठी देशभरातल्या डॉक्टरांना एकत्र आणणाऱ्या संघटनेचं नेतृत्व केलं. २००५ च्या जागतिक मधुमेह दिनाचा विषयही पाय हाच होता. दीदी लखनौच्या एका छोट्या खोलीत जे करत होत्या, ते या मोठ्या कामाचंच एक टोक होतं. बाबा शेवटपर्यंत दोन्ही पायांवर चालले.

दीदी निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या. चचांच्या जागी त्यांचा पुतण्या बसतो. आम्ही आता पुण्याला असतो. दीदी जाण्याआधी मी त्यांना विचारलं होतं की तुमचं देणं कसं द्यायचं. त्या म्हणाल्या, ज्याचे पाय कोणी पाहत नाही त्याचे पाहा. म्हणून आषाढवारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेत आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेत मुक्कामाला येते, तेव्हा मी वैद्यकीय पथकात मदतीला जाते. माझं काम पाय धुण्याचं, पुसून कोरडे करण्याचं आणि नीट पाहण्याचं. जुन्या चपलांत चालत आलेल्या पायांना सहसा त्रास कमी असतो. वारीसाठी म्हणून नवी चप्पल घेतली असेल तर फोड हमखास दिसतो. फोडाची कातडी काढायची नाही, स्वच्छ पट्टीने झाकायचं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर कोरडं करायचं. मधुमेह आहे का ते प्रत्येकाला विचारायचं आणि असेल तर लगेच डॉक्टरांकडे द्यायचं. वारकऱ्यांच्या पायांना तेल लावणारे, त्यांच्या चपला फुकट शिवून देणारे लोक वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मी त्यांच्यातली एक नवखी.

वाचकांना एवढंच सांगते. आज रात्री स्वतःचे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय उजेडात पाहा. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या सगळं. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका, देवळात मोजे घाला, पाण्याची ऊब पायाने नाही, कोपराने तपासा, थंडीत पाय हीटरसमोर धरू नका आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. एकाच पोटरीला अचानक सूज आणि दुखणं आलं, पाऊल लाल आणि गरम झालं, किंवा घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता आली नाहीत तर थांबू नका. आणि पायावर जखम दिसली पण ती दुखत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. न दुखणारी जखम सगळ्यात धोक्याची असते.